एक आटा जास्त

गाडीतलं कूलंट गळायला लागलं की एक गोडसर वास येतो. गॅसवर पाक विसरला की घरात पसरतो, साधारण तसा. हे ज्ञान मला जळगावला माहेरी कुणी दिलं नव्हतं. ते देवासला आल्यावर जीजी चिटणीसांनी दिलं, आणि तेही मी मागितलेलं नसताना. परवा बाजारात एका उभ्या गाडीजवळून जाताना तोच वास आला आणि मी भाजीची पिशवी घेऊन तिथेच थांबले. गाडीचा मालक मोबाइलवर बोलत होता. त्याला सांगावं की नाही याचा मी बराच वेळ विचार केला. जीजी बरोबर असत्या तर विचार वगैरे झालाच नसता, त्यांनी सरळ त्याचं बोनेट उघडायला लावलं असतं.

जीजींचं घर आमच्या शेजारी. आता त्याला कुलूप आहे. जीजी धारला नणंदेकडे राहायला गेल्या, हे कॉलनीत अजून कुणाला खरं वाटत नाही. ‘त्या दोघी एका घरात? भांडी शाबूत आहेत ना?’ असं लोक मलाच विचारतात. जसं काही मी रोज धारला जाऊन भांडी मोजते.

आमची कॉलनी कारखान्यांत नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसांची. कुणी नगरचं, कुणी सांगलीचं, आम्ही जळगावचे. चिटणीस मात्र इथलेच, म्हणजे माळव्यातल्या धारचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यांच्या घरात मोठ्या बहिणीला ताईसाहेब म्हणतात आणि ‘बसा’ ऐवजी ‘बसावं’ म्हणतात. जीजी त्या घरच्या सून, पण त्यांच्या तोंडी असलं काही टिकलं नाही. मुलींच्या सरकारी शाळेत खेळाच्या बाई म्हणून त्यांची नोकरी झाली होती. त्यांची मराठी धावत सुटायची आणि वाटेत जो हिंदी शब्द भेटेल त्याला उचलून पुढे जायची. साडीखाली कॅनव्हासचे बूट आणि पर्समध्ये शाळेतली शिट्टी. निवृत्त झाल्यावर शिट्टी शाळेत जमा करायची राहिली की त्यांनी ती ठेवून घेतली, कोण जाणे. बायपासवर कुणी ट्रकवाला आडवा आला तर हॉर्नऐवजी त्या काच खाली करून शिट्टी फुंकायच्या. ट्रकवाले चमकून थांबायचेही.

मी नवी नवरी म्हणून आले त्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. दुपारी दार वाजलं. दारात उंच, सडसडीत बाई.

“कुठे टपकतंय?” त्यांनी विचारलं. नाव नाही, गाव नाही. “मला तिकडे ऐकू येतंय. कालपासून झोप नाही.”

मी चहाचं विचारलं तर म्हणाल्या, चहा नंतर, पेचकस आहे का घरात? पेचकस म्हणजे स्क्रूड्रायव्हर, आणि तो आमच्या घरात नव्हता. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू घरात मीठ नाही असं मी सांगितलंय. मग स्वतःचा आणला, नळ उघडला, वायसर बदलला, आणि चहा उभ्यानंच प्यायल्या. जीजींना गळणारं काही सहन होत नसे. नळ, टाकी, छत, शेजारच्यांची पाण्याची मोटार. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, “पाणी बसून राहत नाही, मग आपण कशाला बसायचं?” त्या जेवायच्यादेखील उभ्यानं, ओट्याशी. बसल्याच तर खुर्चीच्या कडेवर, शिट्टी वाजली की पळायचं आहे अशा बेतानं.

त्यांचे यजमान अण्णा याच्या नेमके उलट. कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर होते, पण घाई नावाची वस्तू त्यांनी आयुष्यात हाताळली नसावी. दर रविवारी ते त्यांची जुनी पांढरी गाडी फाटकाबाहेर लावायचे, बोनेट उघडायचे आणि नुसतं बघत उभे राहायचे. जीजी शेजारी येरझारा घालायच्या. काय दिसतंय, काय झालंय, मी करू का? अण्णा म्हणायचे, “इंजिन आहे, पळून जात नाही.” मग एखादी क्लिप आवळायला जीजींच्या हाती द्यायचे, मुद्दाम, त्यांनी गप्प राहावं म्हणून. जीजी आवळत सुटायच्या. अण्णा थोडा वेळ पाहायचे आणि डावा तळहात वर करायचे. तोंडानं म्हणायचे, “पुरे.” जीजींना ते अजिबात आवडत नसे. एक आटा जास्त आवळला तर काय बिघडलं, निदान मनाला तसल्ली, असं त्या पुटपुटत पेचकस खाली ठेवायच्या. कॉलनीतली मंडळी म्हणायची की जगात लोकांचा एखादा आटा ढिला असतो, जीजींचा एक जास्तच आवळलेला आहे. हे जीजींच्या कानावर गेलं होतं. त्यांना त्यात काही वाईट दिसलं नाही.

मग अण्णांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डावा हात राहिला.

मुलगा बेंगळुरूहून आला, राहिला, आईबाबांना तिकडे चला म्हणाला, निदान गाडी तरी विकून टाकू म्हणाला. अण्णांनी डोळे मिटून घेतले. जीजींनी त्याच दिवशी गाडीच्या किल्ल्या साडीच्या टोकाला बांधल्या. चालवता त्यांना येत होतीच, प्रश्न होता तिच्या दुखण्याखुपण्याचा. ती गाडी आता अण्णांच्याच वयाला लागली होती.

पहिलं दुखणं आलं ते रेडिएटरच्या वरच्या पाइपचं. काळा, जाड, रबरी पाइप, इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे नेणारा. त्याच्या तोंडाशी, लोखंडी क्लिपच्या कडेला हिरवं पाणी पाझरत होतं. जीजींनी अण्णांना चाकाच्या खुर्चीवरून उठवून पुढच्या सीटवर बसवलं, दार उघडं ठेवलं आणि मला हाक मारली. माझं काम चिंध्या आणि पाण्याची कॅन धरण्याचं. पुढेही कायम तेच राहिलं.

इंजिन तापलेलं होतं. अण्णांनी डावा तळहात वर केला. थांब. जीजी थांबल्या, म्हणजे गाडीभोवती फिरत राहिल्या. मध्येच रेडिएटरच्या झाकणाला हात लावायला जायच्या की तळहात वर. बऱ्याच वेळानं अण्णांनी मान हलवली. झाकण काढलं, क्लिप सैल केली, पाइप पिळून पिळून उपसला. अण्णांनी बोटानं हवेत एक रेघ ओढली. कापायचं. पाइपचं चिरलेलं टोक तेवढं कापून काढलं आणि उरलेला पुन्हा चढवला. लांबीत तेवढी सूट होती. मग क्लिप. जीजी पेचकस फिरवू लागल्या. त्यांचं कपाळ घामानं भिजलं होतं, ओठ दाताखाली होता. एक, आणखी एक, आणखी. आणि सीटवरून तो तळहात वर आला.

जीजींनी त्या हाताकडे पाहिलं. त्यांनी पेचकस काढला, चिंधीनं पुसला आणि मान फिरवून रस्त्याकडे बघत राहिल्या. त्या रडत होत्या. शब्दाशिवाय का होईना, ‘पुरे’ शिल्लक होतं. मलाही तेव्हा भरून आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तेव्हापासून गाडीचं तंत्र ठरून गेलं. जीजी आवळणार, अण्णा थांबवणार. बायपासवरच्या गॅरेजचा मेकॅनिक, सगळ्यांचा भिया म्हणजे भैया, एकदा बोनेटमध्ये डोकावून म्हणाला होता, “जीजी, रबड़ है, लोहा नी है. इत्ता मत कसो, क्लिप काट देगी.” जीजींनी त्याला सांगितलं की आमचे साहेब बघतात ते, तू ऑइल बघ.

खरी परीक्षा असायची ती भाऊबीजेला. अण्णांची थोरली बहीण, ताईसाहेब, धारला बाजारातल्या गल्लीत औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. दिवसभर देवळासाठी फुलवाती वळायच्या. भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या दारी येणार आणि तोवर बहीण पाणीसुद्धा घेणार नाही, हा त्यांचा नेम. अण्णा आजारी पडले त्या वर्षी मुलानं सुचवलं की व्हिडिओवर ओवाळा. माझा भाऊ जळगावला, मी तसंच ओवाळते. फोन भिंतीला टेकवून ठेवायचा आणि निरांजनानं काच तापणार नाही अशा बेतानं ताट फिरवायचं. ताईसाहेबांनी त्याला एवढंच विचारलं, “आणि फोन जेवायला बसेल का पाटावर?”

तेव्हा जायचं ठरलं. देवासहून इंदूर ओलांडून धारला जायचं म्हणजे निरोगी माणसालाही अर्धा दिवस. अण्णा पुढे, मी मागे, मांडीशी पाण्याच्या कॅन आणि फराळाचे डबे. बेटमा येईपर्यंत जीजी दोनदा थांबल्या, घाटाबिल्लोदला पुन्हा. बोनेट उघडायचं, पाइपवरून बोट फिरवायचं, बोट हुंगायचं, आणि पेचकस काढायचाच की अण्णांचा तळहात काचेला टेकलेला दिसायचा. तिकडे ताईसाहेब उपाशी, त्या चिंतेनं जीजी गाडी जोरात हाणायच्या. इकडे तापमानाच्या काट्याकडे बघून हळू करायच्या. मागच्या सीटवर मी फराळाचे डबे दोन्ही हातांनी धरून बसायचे.

खालच्या दुकानदारांच्या मदतीनं अण्णांना खुर्चीसकट वर नेलं आणि ताईसाहेबांनी भावाला ओवाळलं. अण्णांनी डाव्या हातानं ताटात ओवाळणी ठेवली. सगळं नीट पार पडलं असतं, पण ताट खाली ठेवता ठेवता ताईसाहेब, कुणाकडेही न बघता, शांतपणे म्हणाल्या, “माझा भाऊ सावकाश चालणारा होता. यांनी त्याला पळवलं.”

खोलीत मी होते, खालचे दुकानदार होते. जीजी जिना उतरून खाली गेल्या. थोड्या वेळानं मी खिडकीतून पाहिलं तर भर बाजारात बोनेट उघडं होतं आणि जीजी, काहीही गळत नसताना, ती क्लिप आवळत होत्या.

या दोघींचं आधीपासूनच जमत नव्हतं. एकीला वाटायचं, ही वादळ घेऊन घरात आली. दुसरीला वाटायचं, ही पाटावरून हुकूम सोडते. पण ते भांड्याला भांडं लागण्यातलं होतं. हे वाक्य मात्र जीजींच्या आत जाऊन बसलं. परतीच्या वाटेवर अण्णा झोपल्याची खात्री करून घेत त्यांनी मला आरशातून विचारलं, “खरं सांग गं. मी यांना फार कसलं का? फार आवळलं?”

मी म्हटलं, जीजी, रक्तदाबाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी तसंच सांगितलंय. त्या हो म्हणाल्या. त्या ‘हो’मध्ये काही अर्थ नव्हता.

असं असूनही त्या दर भाऊबीजेला अण्णांना घेऊन गेल्या. एका वर्षी तर आदल्या दिवशी अण्णांना आणि मला घेऊन नेमावरला गेल्या, ताईसाहेबांच्या देवांसाठी नर्मदेचं पाणी आणायला. परतताना खातेगावच्या पुढे काटा चढला. मी चुकीच्या कॅन घेतल्या होत्या, साधं पाणी घरीच राहिलं. जीजींनी क्षणभरही न थांबता नर्मदेची कॅन रेडिएटरात ओतली. मी म्हटलं, अहो, देवांचं पाणी! “मैयाला काय फरक पडतो,” जीजी म्हणाल्या, “ती पण बसून राहत नाही.” अण्णा हसत होते. निम्म्या तोंडानं हसणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, आणि ते हसणं फार सुंदर होतं. तळाशी उरलेलं पेलाभर पाणी ताईसाहेबांना पोचलं. एवढंच का, असं त्यांनी विचारलं. जीजींनी सांगितलं, बाकीचं वाटेत लागलं.

पुढच्या पौषात अण्णा गेले. झोपेत गेले, सावकाश.

त्या वर्षी सण नव्हता. पण जीजी आता पूर्वीपेक्षाही जास्त हलायला लागल्या. पहाटे अंगण झाडून झालं की रस्ता झाडायच्या. गाडी कुठे न्यायची नव्हती तरी रोज बोनेट उघडायच्या. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसायचं. त्या क्लिपवर पेचकस ठेवायच्या, एक आटा फिरवायच्या आणि पुढच्या रिकाम्या सीटकडे बघायच्या. मग आणखी एक फिरवायच्या. जाऊन त्यांचा हात धरावा असं मला कितीदा वाटलं. पण तो हात धरण्याइतकी मी त्यांची कोण होते?

त्यानंतरच्या दिवाळीत ताईसाहेबांचा फोन आला. जीजींनी तो स्पीकरवर ठेवला, कारण त्या तेव्हा पडदे काढत होत्या. ताईसाहेब म्हणाल्या, “यायची तसदी घेऊ नये. ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात. मीही ओवाळीन.”

“कुठून ओवाळणार?” जीजी स्टुलावरूनच ओरडल्या. “तुमच्या पश्चिमेला ती नवी बिल्डिंग झालीय. दुजेचा चंद्र, नखाएवढा. दिवेलागणीला निघतो काय अन् बुडतो काय.”

ताईसाहेब म्हणाल्या, “न दिसला तर न दिसला.” आणि फोन ठेवला.

जीजी स्टुलावरून उतरल्या. मला म्हणाल्या, “ती बाई न दिसला तर जेवणार नाही. चंद्र दिसला नाही म्हणून उपाशी झोपेल. कॅन भर.”

भाऊबीजेला आम्ही धारला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. ताईसाहेब जरीकाठी लुगडं नेसून, ताट तयार करून खिडकीशी बसल्या होत्या. खिडकीसमोर तीन मजले सिमेंट. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले. जीजींनी नमस्कार केला आणि सांगितलं, चलावं, राजगढच्या रस्त्याला मोकळी शेतं आहेत, तिथून दिसेल. घरातल्या सुनेनं आपल्याला ‘चलावं’ म्हटलेलं ताईसाहेबांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. त्या उठल्या. त्यांना खुर्चीत बसवून दुकानदारांनी आणि मी जिन्यावरून खाली आणलं, जीजी पुढे पुढे, प्रत्येक पायरीवर सूचना देत. पुढच्या सीटवर, अण्णांच्या जागी, ताईसाहेब बसल्या. मांडीवर ताट.

खरं तर इथे निघायचं. पण जीजींनी बोनेट उघडलं. “बस एक मिनिट,” म्हणाल्या. अण्णा गेल्यापासूनची सवय. मी मागून पाहिलं, पेचकस फिरला. एकदा फिरून थांबला नाही. पुढच्या सीटवरून कुणीही हात वर केला नाही.

गाव संपताना तो गोडसर वास आला. मला आधी आला, पण मी बोलले नाही; वाटलं, भास असेल. मग काटा चढला आणि बोनेटच्या फटीतून वाफ. जीजींनी गाडी कडेला घेतली. डाव्या हाताला धान्याचं लांबलचक गोदाम, पश्चिम त्याच्या मागे झाकलेली. सूर्य नुकताच गेला होता.

बोनेट वर केलं. क्लिपनं पाइप कापला होता. जिथे आवळली तिथेच, सुरीनं घ्यावी तशी अर्धगोल चीर, आणि तिच्यातून हिरवं पाणी फुरफुरत बाहेर. गॅरेजवाल्या भियाचे शब्द मला आठवले. जीजींना आठवले नसतील असं नाही.

“मीच केलं,” त्या म्हणाल्या. “मीच केलं हे.”

थंड होईपर्यंत काही करता येत नव्हतं. गेल्या काही वर्षांत आम्ही दोघी एवढं तरी शिकलो होतो. जीजी गोदामाच्या कोपऱ्यापर्यंत जायच्या, आकाश बघायच्या, परत यायच्या. आहे अजून, दिसतोय तिकडून, असं काचेतून सांगायच्या. पुन्हा जायच्या. ताईसाहेबांना चालत तिथवर नेता येईल का हेही त्यांनी मापून पाहिलं. खडी आणि मध्ये नाला. त्यांचे कॅनव्हासचे बूट चिखलानं भरले होते. मी गाडीला टेकून उभी होते आणि मनातल्या मनात त्या इंजिनाला शिव्या देत होते.

ताईसाहेब आत स्वस्थ बसून होत्या. निरांजन अजून पेटवलेलं नव्हतं. त्या फक्त जीजींकडे बघत होत्या, येताना, जाताना, परत येताना. मोतीबिंदूतून त्यांना काय दिसत होतं देव जाणे. त्यांनी मला हळूच विचारलं, “या नेहमी अशाच?”

मी म्हटलं, “नेहमी. अण्णा असताना जरा कमी.”

त्यांनी मान हलवली.

अखेर झाकण निघालं. जीजींनी मोबाइलचा उजेड माझ्याकडे दिला, क्लिप सैल केली, पाइप उपसला, चिरलेलं टोक कापलं. पूर्वी एकदा कापलेला पाइप, आता आखूड झालेला. ओढून, दाबून, पुन्हा ओढून तो कसाबसा तोंडावर चढवला. क्लिप बसवली. पेचकस. मी कॅन रिकामी केली आणि गाडी सुरू केली. दोघींनी वाकून पाहिलं. पाझर थांबला होता, जवळजवळ. क्लिपखाली एक थेंब जमत होता, मोठा होत होता, पडत होता. मग दुसरा.

जीजींनी पेचकस पुन्हा लावला. एक आटा. थेंब आलाच. पेचकस खाचेतून सटकायचा, त्या पुन्हा लावायच्या. आणखी एक आटा बसला की रबर पुन्हा कापणार, हे मलासुद्धा दिसत होतं, आणि कापायला आता लांबी उरली नव्हती. मी ‘जीजी’ म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही.

तेव्हा पुढचं दार उघडलं. ताईसाहेबांनी ताट एका हातात धरलं होतं आणि दुसरा तळहात वर केला होता. डावा. तीच लांब बोटं, करंगळी तशीच जराशी बाहेर. इतकी वर्षं येऊन जाऊन त्या दोघांचा हात एकच आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“पुरे, वैनी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पुष्कळ केलंत. आता पुरे.”

जीजी वाकलेल्या तशाच राहिल्या. मग त्यांनी पेचकस काढला. चिंधीनं पुसला. बोनेट खाली केलं, आणि स्टिअरिंगवर येऊन बसल्या.

गोदाम संपलं, वळण आलं आणि पश्चिम एकदम उघडी पडली. सोयाबीन निघून गेलेली काळी शेतं, क्षितिजाशी उरलेला थोडासा तांबूसपणा, आणि त्यावर तो चंद्र, इतका बारीक की नजर सरकली तर हरवेल. जीजींनी गाडी थांबवली. ताईसाहेबांना हात देऊन उतरवलं, मी ओढणीचा आडोसा करून निरांजन लावलं. ताईसाहेब ताट घेऊन उभ्या राहिल्या, पण चुकीच्या दिशेला, एका दूरच्या खांबावरच्या दिव्याकडे बघत.

“तिथे नाही,” जीजी म्हणाल्या. त्यांनी मागून ताईसाहेबांचे खांदे धरले आणि अगदी हळू, त्यांच्या हातून मी कधी न पाहिलेल्या हळुवारपणानं, त्यांना वळवलं. “जरा डावीकडे. अजून थोडं. बस. आहे समोर.”

“दिसला,” ताईसाहेब म्हणाल्या. त्यांना दिसला की नाही मला माहीत नाही. त्यांनी ओवाळायला सुरुवात केली. त्यांचा हात थकू लागला तसा जीजींनी ताटाखाली आपला हात धरला, आणि ताट दोघींच्या हातांवर फिरत राहिलं.

आमच्या मागे गाडी उभी होती. तिच्याखालून आवाज येत होता. टप. मग जरा वेळानं, टप. शेजारच्या घरातला नळ ज्यांना झोपू देत नव्हता त्या जीजींना तो ऐकू येत नसेल हे शक्यच नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या चंद्राकडे बघत ताईसाहेबांच्या मागे उभ्या होत्या, आणि जागच्या हलल्या नाहीत.